घोड्याची हिवाळी रजा : नवशिक्या मालकांसाठी

मे-जूनच्या लख्ख उन्हात मुलीच्या हट्टापायी घोडा घेतलेल्या आणि हा प्राणी नोव्हेंबरातही असतो हे नंतर उमगलेल्या, इंग्लंडातल्या मराठी कुटुंबांसाठी ही मार्गदर्शिका आहे. भारतातल्या नातेवाइकांनी करमणूक म्हणून वाचायला हरकत नाही. फक्त वाचून झाल्यावर फोन करून सल्ले देऊ नयेत. ते कोणते असणार हे आम्हाला ठाऊक आहे आणि खाली त्यांची सोय केलेली आहे.

पायरी पहिली : रजा नेमकी कोणाला हवी आहे ते ठरवा

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात आणि सोमवारपासून घरातल्या मंडळींना घोड्याची दया येऊ लागते. डिसेंबरात तर दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. ऑफिसला निघताना काळोख, परतताना काळोख आणि शनिवारी पाऊस. अशाच एखाद्या शनिवारी जेवताना कोणीतरी म्हणतं, "बिचाऱ्याला जरा विश्रांती देऊ या. वर्षभर किती राबतोय!" हा राबलेला घोडा म्हणजे अकरा वर्षांच्या मुलीला पाठीवर घेऊन आठवड्यातून दोनदा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलेला. दमला असलाच तर कंटाळ्याने.

यात लाजण्यासारखं काही नाही. रजेच्या अर्जावर कारण तेवढं खरं लिहावं : मालकाला थंडी वाजते. घोड्याने अर्ज केलेला नाही, करणारही नाही.

कमावलेली रजा असते ती स्पर्धेच्या घोड्यांची. ब्रिटनमध्ये इव्हेंटिंगचा मोसम साधारण मार्च ते ऑक्टोबर चालतो. ड्रेसाज, उड्या, क्रॉस-कंट्री असं सगळं अंगावर घेतलेल्या घोड्याला हिवाळ्यात काही आठवडे मोकळं सोडतात, आणि ते योग्यच. शिकारीच्या घोड्यांचं पूर्वापार उलट : हिवाळाभर दौडायचं आणि उन्हाळा कुरणात काढायचा. आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघालेली फौज पावसाच्या तोंडावर परतायची आणि चार महिने घोडी छावणीत. म्हणजे रजेचा महिना घोड्याच्या अंगात लिहिलेला नसतो, तो माणसाच्या सोयीने ठरतो. एवढं कबूल केलंत की पुढची कामं तुम्ही चिडचिड न करता कराल. निदान घोड्यावर चिडणार नाही.

पायरी दुसरी : आत्याबाईंचा फोन घ्या

रजा जाहीर झाली की तिसऱ्या दिवशी साताऱ्याहून फोन येतो. "अगं, घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं? शाळेत शिकलीस ना?" शिकलो आहोत. फिरवलं नाही म्हणून. आत्याबाई अगदी बरोबर बोलतात, आणि नवशिक्यांचं घोडं पेंड खातं ते इथेच.

घोड्याला सुट्टी द्यायची ती खोगिरातून, चालण्यातून नव्हे. तबेल्याचं दार लावून घेऊन "आराम कर हं" म्हटलंत तर सकाळी त्याचे मागचे पाय सुजून खांबासारखे झालेले दिसतील. दोन दिवसांनी तो दाराची कड कुरतडू लागेल, आठवड्याने दारातच उभा राहून मान डावी-उजवीकडे झुलवत बसेल, आणि ती सवय एकदा लागली की सुटत नाही. कुरणातला घोडा चरत चरत दिवसभर पावलं टाकतो. तो स्वतःच स्वतःला फिरवतो, म्हणून त्याचं पान सडत नाही.

तेव्हा घोडा ज्या यार्डात भाड्याने ठेवला आहे तिथल्या मालकाला सप्टेंबरातच विचारून घ्या : हिवाळ्यात कुरण उघडं असतं का? पुष्कळ ठिकाणी नसतं. ओल्या जमिनीत टापा रुतून गवताची मुळं उपटली जातात, मग वसंतात गवताऐवजी तण उगवतं, म्हणून नोव्हेंबर ते मार्च फाटकाला कुलूप. उत्तर असं आलं तर रजेचा विचार सोडा. खोगीर चढवा, नाहीतर रोज हातात दोर धरून स्वतः फिरवा. दुसऱ्या पर्यायात रजा कोणालाच मिळत नाही.

कुरणात सोबतही हवी. एकटा घोडा कुंपणाशी उभा राहून दिवसभर खिंकाळतो आणि शेजारी तुम्हाला ओळखू लागतात. यावर रूढ उपाय म्हणजे कंबरेएवढं एक शेटलंड तट्टू आणणं. शेटलंड आलं की पंधरा दिवसांत कुरणाचा कारभार त्याच्या हाती जातो. तुमच्या पाचशे किलोच्या घोड्याने गवत कधी खायचं हे ते ठरवतं. त्यात लक्ष घालू नका.

पायरी तिसरी : चंदी बंद करा, पण एकदम नको

एकोणिसाव्या शतकात गाड्या ओढणाऱ्या घोड्यांना एक रोग व्हायचा, त्याचं नावच सोमवारचा आजार. आठवडाभर मरमर काम, रविवारी सुट्टी, पण ओट्सचा तोबरा मात्र रोजच्याइतकाच भरलेला. सोमवारी जुंपलं की काही अंतरावर मागचे पुठ्ठे लाकडासारखे ताठ, घोडा जागच्या जागी थिजलेला, घामाने निथळलेला आणि लघवी कॉफीच्या रंगाची. काम थांबलं की दाणाही कमी व्हायला हवा, ही समज त्या घोड्यांच्या जिवावर आलेली आहे.

म्हणून दोनेक आठवड्यांत रपेट कमी कमी करत न्या आणि त्याच हिशोबाने चंदीही उतरवा. शेवटी उरावं गवत, सुकी वैरण, पाणी आणि जरूर असल्यास मूठभर क्षार. इथे घरातल्या ज्येष्ठांवर लक्ष ठेवा. "थंडीत अंगात काहीतरी ताकदीचं जायला हवं" या तत्त्वावर आपल्याकडे डिंकाचे लाडू होतात. ते लाडू माणसांसाठी आहेत.

पायरी चौथी व पाचवी : नालबंद, दात, जंत (एकत्रच उरका)

नाल काढायचे तर आताच. निदान मागचे तरी काढा, म्हणजे कुरणातल्या भांडणात लाथ बसली तर ती लोखंडाची नसेल. बर्फ पडलाच तर नाल असलेल्या खुराखाली त्याचे गोळे साचतात आणि घोडा उंच टाचांवर चालल्यासारखा डुगडुगतो, तोही त्रास वाचतो. नाल काढले म्हणजे नालबंदाची कटकट संपली असं मात्र नाही. दर सहा-आठ आठवड्यांनी खूर तासावेच लागतात. यूट्यूब पाहून स्वतः नाल ठोकायचा मोह आवरा. १९७५च्या कायद्याने इथे नोंदणी झालेल्या नालबंदाशिवाय कोणालाही नाल ठोकता येत नाही, अगदी स्वतःच्या घोड्यालासुद्धा. डॉक्टरला बोलावून दात दाखवा, जंतांचं विचारा. हिवाळ्यात काही जंतांच्या अळ्या आतड्याच्या भिंतीत दडी मारून बसतात आणि लिदेच्या तपासणीत सापडत नाहीत, तेव्हा औषधाचा निर्णय डॉक्टरवरच सोपवा.

पायरी सहावी : झूल, अर्थात कानटोपीचा प्रश्न

या पायरीवर मराठी घरं मोडतात. पुण्यात पारा पंधरावर आला की कानटोपी, मफलर आणि स्वेटरखाली आणखी एक स्वेटर, अशा परंपरेत आपण वाढलो. त्यामुळे पाऊस अंगावर घेत, वाऱ्याला पाठ देऊन शांत उभा राहिलेला घोडा पाहिला की आईचं काळीज कळवळतं. "काहीतरी घाला की त्याच्या अंगावर!" मग दुकानात जाता. तिथे झुलीच्या आत किती ग्रॅम भरण हवं हे विचारतात : शून्य, पन्नास, शंभर, दोनशे, तीनशे. वरच्या कापडाचा डेनियर वेगळा. मानेचा भाग जोडलेला की सुटा? तासाभराने तुम्ही तीन झुली घेऊन बाहेर पडता. त्यांची किंमत नवऱ्याला सांगू नये.

आता घोड्याचं ऐका. थंडी वाढते तसे त्याच्या अंगावरचे केस दाट होतात आणि गार वारा आला की ते उभे राहून मध्ये हवेचा थर धरतात. त्यातून खाल्लेली वैरण मोठ्या आतड्यात आंबत असते आणि त्या आंबण्याची ऊब दिवसरात्र अंगात पसरते. हिवाळी केस आलेला, धडधाकट, पोटभर खाणारा घोडा पारा शून्याखाली गेला तरी मजेत असतो. कोरड्या थंडीचं त्याला काही वाटत नाही. त्रास होतो तो पावसाचा आणि वाऱ्याचा, तेही दोन्ही एकदम आले तर. केस भिजून चपटे झाले की हवेचा थर जातो. एक्समूरच्या रानटी पोनींना तर वरच्या राठ केसांखाली लोकरीसारखा दुसरा थर असतो, पाठीवर बर्फ साचलं तरी ते वितळत नाही इतका दाट. त्या पोनीला झूल घालायला गेलात तर ती तुमच्याकडे ज्या नजरेने पाहील ती सहन करायची तयारी ठेवा.

याउलट ज्याचे केस कातरले आहेत, जो म्हातारा आहे, जो वाळला आहे किंवा ज्याला उभं राहायला आडोसाच नाही, त्याला झूल हवीच. आणि एकदा झूल घातली की ती रोज काढून आत हात घालून पाहायची : खांद्यावर घासलंय का, आत घाम आलाय का, बरगड्या लागतात का. नोव्हेंबरात घातलेली झूल मार्चमध्ये काढणाऱ्यांना आत भलताच घोडा सापडतो.

नॉर्वेतल्या संशोधकांनी हा प्रश्न थेट घोड्यांनाच विचारला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात तेवीस घोड्यांना पांढऱ्या फळ्यांवरच्या खुणा शिकवल्या : आडवी रेघ म्हणजे झूल घाला, उभी रेघ म्हणजे काढा, कोरी फळी म्हणजे आहे ते ठीक. गाजराच्या फोडींवर दोन आठवड्यांच्या आत सगळे शिकले. मग ऊन असताना त्यांनी झूल काढायला सांगितली, गार पावसात आणि वाऱ्यात घालायला सांगितली. तुमच्याकडे फळ्या नसतील तर कानांमागे आणि पुढच्या पायांमधल्या छातीला हात लावून पाहा. अंग ऊबदार असेल तर आईला घरात न्या आणि चहा द्या.

पायरी सातवी : वैरण मोजा, पाणी फोडा

पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला आठ-दहा किलो सुकी वैरण लागते. हिवाळ्यातलं गवत नुसतं हिरवं दिसतं, त्यात दम नसतो. ऑक्टोबरात कोठी भरलेली पाहून हात सैल सुटतो आणि फेब्रुवारीत गवताच्या गाठोड्याला सोन्याचा भाव येतो.

वैरण जपण्याबद्दल शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे; शाळेत ते रयतेच्या काळजीसाठी शिकवतात. यार्डाच्या दारावर लावावं असंही ते आहे. साठा आधीच बेहिशेबी उधळलात तर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि तुम्हीच ती मारलीत असं होईल, हा त्यातला इशारा. पुढे आगीचा बंदोबस्त सांगताना दिव्याची पेटती वात उंदीर ओढून नेईल आणि गवत पेटेल, इथवर बारकाईने लिहिलंय. तो उंदीर अजून नोकरीवर आहे. आता तो वैरणीच्या कोठीतली एक्स्टेन्शनची वायर कुरतडतो. तेव्हा कोठीत हीटर लावून कपडे वाळवू नका, विडी-सिगारेटवाल्या मेव्हण्यांना फाटकाबाहेर उभं करा.

पाण्याचं काम जास्त किचकट. घोडा दिवसाला २५ ते ५० लिटर पाणी पितो. हिवाळ्यात ओलं गवत जाऊन कोरडी वैरण येते म्हणजे पाणी जास्त हवं, आणि नेमकं तेव्हाच ते बर्फासारखं गार म्हणून तो कमी पितो. आतड्यात कोरडा गोळा अडकतो आणि रात्री दोन वाजता डॉक्टर. बर्फ चाटून घोड्याची तहान भागते ही समजूत ज्याची असेल त्याला कळशी घेऊन त्याच कुरणात सोडावं.

कृती अशी : सकाळी सहा वाजता, डोक्याला दिवा बांधून, हौदापाशी जा. वरचा थर हातोडीने फोडा. फोडलेल्या काचा हाताने बाहेर काढून टाका, नाहीतर तासाभरात त्या पुन्हा जुळतात. हातमोजे घालून काढल्या तर मोजे भिजतात, न घालता काढल्या तर बोटं जातात. दोन्ही करून पाहा आणि आवडेल ते चालू ठेवा. पाण्यावर फुटबॉल तरंगत ठेवला तर हलक्या गोठणीत तो वाऱ्याने हलत राहून कोपरा मोकळा ठेवतो. शेटलंड असल्यास फुटबॉल दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतात मिळेल. घरून गरम पाण्याची किटली नेऊन बादलीत ओतली तर घोडा घटाघटा पितो. मग तो रोज तुमची नाही, किटलीची वाट पाहतो.

पायरी आठवी : चिखल

फाटकाजवळची जागा डिसेंबरापर्यंत लावणीच्या वेळचं भातखाचर झालेली असते, फरक इतकाच की इथे पिकत काही नाही. बूट आत राहतो, पाय बाहेर येतो. घोड्याच्या घोट्यांमागे सतत ओल राहिली की कातडी भेगाळते, खपल्या धरतात, जंतू शिरतात. इथे आपल्या स्वच्छतेच्या संस्कारांना आवर घाला. रोज पाइपने पाय धुणं म्हणजे ओलीवर ओल. चिखल वाळू द्यावा आणि मग ब्रशने झाडावा. तसंच खराऱ्याचं : कुरणातल्या घोड्याच्या केसांमुळाशी जो तेलकट थर दिसतो तीच त्याची छत्री आहे, ती घासून चकचकीत करू नका. घोडा घाणेरडा दिसू द्या. ही रजा आहे, दसरा नव्हे. खूर मात्र रोज उचलून साफ करा. तळव्यातल्या खाचेतून कुजका वास आला तर रोग सुरू झालाय.

लीद रोजची पंधरा-वीस किलो. ढकलगाडी चिखलात रुतते ती नेहमी भरल्यावरच.

पायरी नववी : केसांना फसू नका

जानेवारीत घोडा गुबगुबीत दिसतो. ते केस असतात. आठवड्यातून एकदा बोटं केसांत खोल घालून बरगड्या चाचपा. दाबल्यावर हाताला लागायला हव्यात, नुसत्या डोळ्यांना दिसायला नकोत. देशी पोनी हिवाळ्यात थोडी वाळली तर वाळू द्या. निसर्गाची तशीच योजना आहे, कारण एप्रिलचं गवत साखरेने भरलेलं येतं आणि आधीच लठ्ठ असलेल्या घोड्याचे खूर त्याने आतून पेटतात. तो आजार एकदा झाला की जन्माचा. हिवाळ्यातही स्वच्छ उन्हाच्या, कडक गोठणीच्या सकाळी त्या गवतात साखर साचलेली असते, म्हणून जाड पोनीला अशा दिवशी उशिरा सोडा. आत्याबाईंना व्हिडिओ कॉलवर घोडा दाखवायचा तर केस पिंजारून दाखवा.

पायरी दहावी : स्वतःची दिनचर्या

एव्हाना ध्यानात आलं असेल की घोडा रजेवर गेल्यापासून तुम्ही रोज दोनदा कामावर जाता. पूर्वी निदान वर बसायला मिळत होतं. खिशात गाठोड्याची सुतळी कायम ठेवा. इथल्या यार्डात फाटक, बादली, झुलीचा पट्टा आणि कधीकधी मालकाची पँट तिच्यावरच चालते. घोडा बांधतानाही लोखंडी कडीला सुतळीचा फास लावून त्यात दोर अडकवायचा, म्हणजे बुजून मागे ओढला तर सुतळी तुटते, मान वाचते. ऑफिसात केसांतून गवत पडलं तर सहकाऱ्यांकडे बघू नका. ते विचारणार नाहीत, इंग्रज आहेत.

पायरी अकरावी : रुजू करून घेणे

मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुढे जातात आणि घरात सर्वांना एकदम घोडेस्वारीची ओढ लागते. थांबा. दम आणि फुप्फुसं लवकर परत येतात. पायांतले स्नायुबंध आणि हाडं कामाला पुन्हा सरावायला कितीतरी जास्त वेळ घेतात. घोड्याला वाटतं आपण तयार आहोत, पाय तसं म्हणत नाहीत. म्हणून दोन-तीन महिने मोकळा असलेल्या घोड्याला सुरुवातीचे काही आठवडे नुसतं कदम चालीवर, टणक सपाट रस्त्याने न्यायचं. मग थोडी दुडकी. भरधाव तर फार पुढे. मुलीला हे पटणार नाही, तिने मैत्रिणींना उड्यांचं आमंत्रण दिलेलं असतं.

नालबंदाची वेळ फेब्रुवारीतच घ्या, मार्चमध्ये सगळा परगणा त्याच्या मागे असतो. खोगीर बसवून पाहा. तीन महिन्यांत पाठीचा आकार बदलतो आणि गेल्या वर्षी नीट बसलेलं खोगीर आता खांद्यावर चिमटा काढतं. तंग पुरला नाही तर नवव्या पायरीवर परत जा.

पहिल्या दिवशी वर कोणी बसायचं यावर घरात मतदान घेऊ नका, घोड्याचं एक मत सगळ्यांना पुरून उरतं. लांब दोरावर दहा मिनिटं फिरवा, कुदायचंय ते कुदून घेऊ द्या. मग ज्याला पडायचा सराव आहे त्याला बसवा. विम्याचा हप्ता भरलाय की नाही ते मात्र आदल्या रात्री पाहा.